नात्यातल्या माशाचा फोटो

पेराक नदीकाठच्या तेलुक पेडाडा गावात माझ्या स्टुडिओत फोटो न काढलेला माणूस एकच होता, आणि तो आंधळा होता. शेवटी त्यानेही काढून घेतला. बायको म्हणाली, तुम्हाला दिसत नाही म्हणून काय झालं, मला बघायला लागतंच ना. ओळखपत्राचे, लग्नाचे, हजला निघालेल्यांचे, सगळे फोटो मी काढले. "हनुवटी वर, डोळे मिटू नका," या दोन वाक्यांवर माझं घर उभं राहिलं. पुढे माणसं फोनवर स्वतःच स्वतःचे फोटो काढायला लागली, आणि माझ्याकडे मासे आले.

मासे म्हणजे केलिसा. लाल नाहीतर सोनेरी, एकेक खवला चमच्याएवढा, खालच्या जबड्यावर दोन ताठ मिशा. दिवाणखान्यात केलिसा असला की घरात बरकत येते असं लोक म्हणतात. मला विचाराल तर बरकत आधी येते, मग केलिसा येतो. आमच्या गावच्या मत्स्यप्रेमी मंडळाचं दरवर्षी भिंतीवरचं कॅलेंडर निघतं. बारा महिने, बारा केलिसा. फोटो सगळे माझे, नियम सगळे अध्यक्षांचे. मासा पूर्ण आडवा दिसला पाहिजे. तोंड मिटलेलं, मिशा सरळ. आणि मुख्य म्हणजे, काचेत माणसाचं प्रतिबिंब दिसता कामा नये. त्यासाठी मी काळा सदरा घालायचो, काळे हातमोजे घालायचो, पुढ्यात काळा पडदा टांगून त्याला भोक पाडायचो आणि त्यातून फक्त कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढायचो. केलिसाला बाजूने आरसा दाखवला की त्याला वाटतं, दुसरा कोणी आला. लगेच पर फुलवून, मिशा पुढे काढून उभा राहतो. निवडणुकीच्या उमेदवारासारखा. फोटो काढणं सोपं.

अध्यक्ष म्हणजे हाजी राझाली. मूळचे दक्षिणेकडचे, मुआरचे. इथे येऊन त्यांचे केस पांढरे झाले, तरी नदीकाठच्या लोकांच्या दृष्टीने ते कालच बसमधून उतरले होते. घाटावर त्यांचं खाणावळीवजा मोठं हॉटेल आहे. वर फळा: 'पेराक नदीचा अस्सल तापाह, तेंपोयाकमध्ये.' तेंपोयाक म्हणजे डुरियनचा गर आंबवून केलेला रस्सा. त्याचा वास नदीच्या दोन्ही काठांना एकदमच लागतो. इपोहहून, क्वालालंपूरहून गाड्या भरून लोक हा तापाह खायला यायचे आणि बोटं चाटत जायचे.

तापाह हा आमच्या नदीतला राक्षस. काळपट, बिनखवल्यांचा, माणसाएवढा वाढणारा. डोळा मिऱ्याएवढा आणि तोंड बादलीएवढं. आता नदीकाठची अर्धीअधिक घरं हा मासा खात नाहीत, त्याला कारण आहे. आमचा एक पूर्वज पुरात वाहून गेला तेव्हा एका तापाहने त्याला पाठीवर घेऊन काठाला लावलं. माझी आजी ही गोष्ट मगरीसकट सांगायची, तिची बहीण बिनमगरीची सांगायची. मी मगर ठेवतो. काठावर येऊन पूर्वजाने शपथ घेतली: माझ्या वंशातला कोणी तापाहला हात लावणार नाही, तोंड लावणार नाही. ज्याने मोडली त्याला अंगभर खाज सुटते. उतारा एकच, सोन्याची अंगठी बुडवलेलं पाणी. हसू नका. खाजवणारी माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत, आणि त्यांतल्या एकाचा ओळखपत्रासाठी फोटो काढताना माझी अर्धी फिल्म वाया गेली.

तर, सेनाह. गावात लहानथोर तिला मा लोंग म्हणतात, म्हणजे थोरली मावशी. मी तिच्या बरोबरीचा, आईच्या बाजूने लांबचा नातेवाईकही, म्हणून नुसतं सेनाह म्हणतो. तिच्या घरात बैठकीची एक भिंतच नाही. भिंतीच्या जागी टाकी आहे. तिचा नवरा होड्या बांधणारा सुतार, केडाहकडचा. कापडाचं एक दुकान बंद पडलं तेव्हा त्याने त्याच्या दर्शनी खिडकीची जाड काच उचलून आणली आणि टाकी बांधली. पूर ओसरल्यावर एका डबक्यात बोटभर तापाह अडकला होता, तो बादलीतून त्यानेच आणला. त्याला शपथ लागू नव्हती, त्यामुळे त्याला हात लावता आला. नवरा गेला, मासा वाढला. घरात त्याला तोक म्हणतात. तोक म्हणजे आजोबा. सेनाह त्याला लांब दांड्याच्या डावाने कोंबडीची काळजं वाढते, हात न लावता. शेजारच्या युसोफचा कोंबडा एकदा टाकीच्या कडेवर बसला, आणि पुढचे दोन दिवस पहाटे टाकीतून बांग ऐकू येत होती. मी नाही ऐकली. युसोफने ऐकली, आणि तो आता हयात नाही, म्हणजे त्याला खोटं पाडायची सोय नाही.

गोष्टीला तोंड फुटलं ते घाटावरच्या कॉफीच्या दुकानात. हाजी जुन्या कॅलेंडरची पानं उलटत नव्याचं बोलत होते. सेनाह साखर घ्यायला आली होती. जाता जाता म्हणाली, "हाजी, यंदा एका महिन्यावर आमच्या तोकचा फोटो घाला."

हाजींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "मा लोंग, कॅलेंडर भिंतीवर लावायचं असतं. तापाहचा फोटो लावायचा तर स्वयंपाकघरात लावावा लागेल."

दुकान हसलं. मीही थोडा हसलो, कारण हाजींकडे माझी बारा महिन्यांची कामं होती.

"म्हणजे काय?" सेनाह म्हणाली.

"म्हणजे मासे दोन जातीचे. एक बघायचा, एक खायचा. केलिसा बघायचा, तापाह खायचा. तुमचा तर चांगलाच भरलाय म्हणतात. येत्या महिन्यात मंडळाची मेजवानी आहे. विचार करा."

सेनाहने साखरेची पिशवी टेबलावर ठेवली. ती ठेवली की समजायचं, आता लवकर उठत नाही.

"हाजी, तुमचा केलिसा आमच्या आजोबांच्या वेळी आमिष म्हणून गळाला लावायचे. उरला तर तळायचे. या मियोरला विचारा, त्याने खाल्लाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खाल्लाय. काटे फार. मांजरसुद्धा दोनदा विचार करायचं."

"ते जुन्या काळी," हाजी म्हणाले, पण त्यांच्या नाकाला मिरची झोंबली होती. त्यांच्या घरच्या केलिसाला वेगळी वातानुकूलित खोली होती.

"मग जात काय माशाची असते? खाणाऱ्याची असते," सेनाह म्हणाली. "आणि आमच्या घरचा तिसऱ्याच जातीचा आहे. नात्यातला."

"नात्यातला," हाजी म्हणाले, "मग त्याचा नियमात बसणारा फोटो आणा. आडवा, तोंड मिटलेलं, मिशा सरळ, काचेत कोणी नाही. आणलात तर कव्हरवर छापतो, आणि माझ्या फळ्यावरून तापाह पुसतो. नाही आणलात तर तुमचा नातेवाईक माझ्या मेजवानीला येईल. पाहुणा म्हणून नाही."

असल्या बोलण्यावर शहाण्या माणसाने साखर उचलून घरी जावं. सेनाह म्हणाली, "ठरलं." आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मियोर, उद्या कॅमेरा घेऊन ये. दाढी करून ये, तोकला घाणेरडी माणसं चालत नाहीत."

मी दाढी करून गेलो. लाकडाच्या ओंडक्याखाली तोक पडला होता, फक्त दोन लांब मिशा बाहेर. मी काच वर्तमानपत्राने पुसली, पंप बंद करून बुडबुडे थांबवले, दिवे वरून लावले, काळा पडदा टांगला. मग आरसा दाखवला. तोकने आरशात बघितलं, मोठी जांभई दिली आणि आणखी आत गेला. केलिसाला वाटतं, आरशात शत्रू आहे. तोकला नुसता कंटाळा आला. म्हाताऱ्या माणसाला आरशात बघून वेगळं काय वाटतं?

दुसऱ्या खेपेला फ्लॅश वापरला. ती चूक झाली. टाकीचं झाकण छताला लागलं आणि निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं. छतावर अजून खूण आहे. गळतीची आहे असं म्हणणारेही आहेत, पण ते त्या वेळी तिथे नव्हते. कॅमेऱ्याचं झाकण टेबलावर होतं ते नंतर सापडलं नाही, आणि तोक दोन दिवस जेवला नाही.

"तू त्याला घाबरवतोस," सेनाह म्हणाली.

"मी त्याला? अगं, माझ्याकडे बघ एकदा. कोण घाबरलंय ते दिसेल."

असे बरेच दिवस गेले. हाजी रोज संध्याकाळी कॉफीच्या दुकानात विचारायचे, "काय मियोर, नातेवाईक फोटोला बसले का?" आणि दुकान हसायचं. मेजवानीसाठी त्यांनी नवीन मोठं पातेलं मागवलं आणि ते मुद्दाम सेनाहच्या दारावरून ठोकत ठोकत नेलं. सेनाहने दारात उभं राहून सांगितलं, "बूड पातळ आहे. फसवलं तुम्हाला."

पण आत आल्यावर तिने दार लावून घेतलं. ती म्हणाली, "मियोर, मी शब्द दिलाय. शब्द मोडून मासा वाचवला तर शपथेला काय अर्थ राहिला? तीही शब्दच आहे." मी उठून काच पुन्हा पुसायला घेतली.

मग एका दुपारी मी पडद्यामागे काळा होऊन घामाने भिजत बसलो होतो आणि सेनाह डाव घेऊन आत आली. अंगात तिचा नेहमीचा मोठ्या जास्वंदींचा झगा. टाकीपाशी उभी राहून तिने नुसतं विचारलं, "तोक, जेवायचं का?" आणि तोक ओंडक्याखालून बाहेर आला. सावकाश, आगगाडी फलाटाला लागावी तसा. काचेला समांतर आडवा थांबला. पोटाची चांदी, खालचा लांबच लांब पर वाऱ्यावरच्या पडद्यासारखा हलतोय, मिशा सरळ, आणि ते बादलीएवढं तोंड मिटलेलं, नवरदेवाचं असतं तसं. मी खटका दाबला.

फोटो धुऊन बघितला तर मासा इतका देखणा की मीच उठून उभा राहिलो. फक्त त्याच्या अंगावर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, जास्वंदी उमटल्या होत्या. आणि जास्वंदींच्या वर सेनाहचा चेहरा.

दुसऱ्या दिवशी तिला माझा काळा पडदा पांघरायला लावला. तोकने त्या काळ्या गाठोड्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. तिने आतून हाका मारल्या, तरी नाही. पडदा काढला, जास्वंदी दिसल्या, आला. त्या माशाला फुलांशिवाय ती कळतच नव्हती, किंवा कळत होती पण तशी मान्य नव्हती.

मी म्हटलं, "सेनाह, हल्ली संगणकावर सगळं पुसता येतं. फुलं पुसू, तुला पुसू. कोणाला कळणार नाही."

ती फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होती. "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"माशाच्या पोटावर पडलंय म्हणून तसं दिसतं."

"मग राहू दे."

"अगं, नियमात बसत नाही. हाजी काय म्हणतील ते लहान पोरालाही कळेल."

"म्हणू दे. एवढी वर्षं मी त्याला भरवतेय, आणि फोटोतून मला पुसायचं? आहे तसा दे. घडी घालू नकोस."

मंडळाची बैठक हाजींच्याच हॉटेलात होती. समितीत हाजी, शाळेचे जुने मास्तर मुनियांडी ज्यांना सगळे चेगू म्हणतात, आणि मी. बाकी गाव बघायला. मी फोटो टेबलावर ठेवला. चेगूंनी बघितला आणि त्यांच्या तोंडून नुसतं "अरे" निघालं. हाजींनीही बघितला. क्षणभर त्यांना मासा आवडला, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी बोट ठेवलं.

"इथे माणूस दिसतोय."

"दिसणारच," सेनाह मागून म्हणाली. "घरचा मासा आहे. घरात माणसं असतात. तुमच्या माशांच्या घरी कोणी राहत नाही का?"

चेगू खोकल्यासारखं करून हसले. "हाजी, मुद्दा आहे हो."

"नियम नियम आहे," हाजी म्हणाले. "फोटो बाद. मा लोंग, शब्द तुमचा होता."

"होता आणि आहे," सेनाह म्हणाली. "चला, घेऊन जा. पण उचलायला माणूस तुमचा. आमच्या घरात त्याला कोणी हात लावत नाही."

हाजींनी आत हाक मारली. त्यांचा आचारी आलांग बाहेर आला. धिप्पाड माणूस, कमी बोलणारा, हॉटेल उघडल्या दिवसापासून चुलीवर. त्याच्याकडे जाळं आणि पोतं दिलं आणि आम्ही सगळे निघालो, पुढे हाजी, मागे पातेलं, त्याच्या मागे गाव. चालताना मी सेनाहला हळूच म्हटलं, "अजून वेळ आहे. पाया पड, रड, काहीतरी कर."

"तू रड," ती म्हणाली. "तुझ्या हातचा फोटो बाद झालाय."

टाकीपाशी आलांग जाळं घेऊन उभा राहिला. सेनाह आत आली तसा तोक ओंडक्याखालून निघाला आणि काचेला लागून थांबला, फोटोतल्यासारखाच. आलांगने माशाकडे बघितलं. मग जाळं खाली ठेवलं, नीट घडी घालून.

"हाजी, मला जमणार नाही."

"वजन जास्त आहे? आणखी दोघं बोलावू."

"वजनाचं नाही. माझी आई नदीकाठची. ते नात्याने माझे लागतात. हात लावला तर मला खाज सुटेल."

हाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. कॅमेरा गळ्यात होता, पण अशा वेळी सुचत नाही. "आलांग, डोकं फिरलं का? इतकी वर्षं तू माझ्याकडे रोज तापाह शिजवतोस."

आलांगने मान खाली घातली. "पातिन, हाजी."

"काय पातिन?"

"पातिन शिजवतो. तळ्यातला."

पातिन म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात साधा मासा. ज्याच्या परसात खड्डा आहे त्याच्याकडे पातिन आहे.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवशी तुम्ही घाटावर पाठवलंत, तापाह आण म्हणून. हात लावता येईना. रिकाम्या हाताने कसा येणार? तुम्ही जेवलात आणि म्हणालात, असा तापाह मुआरमध्ये मिळायचा नाही. मग मी काय बोलणार? पैसे मी पातिनचेच मागितले हो. तुम्ही म्हणायचात, आलांग भाव पाडण्यात हुशार आहे."

"आणि डोकं? तापाहचं एवढं मोठं डोकं कधी ताटात का आलं नाही?"

"मांजरींना घालतो म्हणून सांगायचो. तुम्ही मांजरींचं कौतुक करायचात."

आधी कोणीतरी मागे फुसकन हसलं. मग पातेलं धरणारे दोघे हसायला लागले, पातेलं पडलं, त्याचं बूड खरंच पातळ होतं ते सगळ्यांनी बघितलं, आणि मग काही विचारू नका. हसताना दोघेजण ओट्यावरून पडले. मी तीन म्हणणार होतो, पण तिसरा मीच होतो.

हाजी मात्र वाकणाऱ्यांतले नव्हते, हे मानलं पाहिजे. त्यांनी बाह्या सारल्या, जाळं उचललं आणि स्टुलावर चढले. "मी मुआरचा. मला शपथ नाही, खाज नाही. मीच काढतो."

सेनाह बाजूला झाली. जाळं पाण्याला टेकलं तेव्हा चेगू मुनियांडींनी शांतपणे विचारलं, "हाजी, काढाल हो. पण मेजवानीला खरा तापाह वाढल्यावर क्वालालंपूरचे पाहुणे विचारतील ना, आज चव वेगळी का लागतेय म्हणून? त्यांना काय सांगायचं?"

हाजी स्टुलावर तसेच उभे राहिले. तोक खालून त्यांच्याकडे मिऱ्याएवढ्या डोळ्याने बघत होता. जाळ्यातून पाणी ठिबकत होतं. मग हाजी उतरले, जाळं आलांगच्या हातात दिलं आणि कोणाकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे सेनाहकडे आले. मी तिथेच होतो, फोटोला चौकट लावत. हाजी म्हणाले, "मा लोंग, नियम बदलता येतात. कव्हरवर छापू. तुमच्या फुलांसकट. फक्त ते पातिनचं गावाबाहेर जाऊ नये."

मी म्हणणार होतो, घे. माझ्या हातचं कव्हर झालं असतं.

"नको," सेनाह म्हणाली. "आमचे तोक तुमच्या माशांच्या रांगेत बसणार नाहीत. गळाला लावायचे मासे ते. फोटो मियोरच्या स्टुडिओच्या दर्शनी खिडकीत लागेल, नवरा-नवरीच्या फोटोंच्या जागी. ज्याला बघायचंय तो येऊन बघेल."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"फळा. मासा न्यायचा होता, तुम्ही जाळं ठेवून गेलात. पैज तुम्ही सोडलीत, मी नाही. तापाह पुसा आणि जे शिजतं ते लिहा."

"हॉटेल बंद पडेल."

"चव तीच राहील. लोक काय फळा खातात?"

हाजी तिने दिलेली कॉफी पूर्ण प्यायले. त्या दुपारी सगळ्या घाटादेखत ते स्वतः शिडीवर चढले, ओल्या फडक्याने तापाह घासून काढला आणि खडूने लिहिलं, 'पातिन'. अक्षर वाकडं आलं. आलांगने शिडी धरली होती.

ते खाली उतरेपर्यंत सेनाह हॉटेलात शिरली होती, जास्वंदीच्या झग्यात. इतक्या वर्षांत या हॉटेलची पायरी ती कधी चढली नव्हती, चढता येतच नव्हतं. नदीकडच्या टेबलावर बसली, मला समोर बसवलं आणि आलांगला म्हणाली, "दोन ताटं पातिन. आणि तेंपोयाकला हात आखडू नकोस."

ताट आलं. तिने पहिला घास घेतला, चावला, आणि गल्ल्यावर बसलेल्या हाजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हाजी, मीठ थोडं कमी आहे."